आय५-१२४०० आणि बी७६० बोर्ड : खानदेशातल्या दोन उन्हाळ्यांनंतर

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा गावातल्या इतर छपाईवाल्यांप्रमाणे माझ्याकडेही फलकांचे आणि निमंत्रणांचे काम आले आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या दहा वर्षे जुन्या, चौथ्या पिढीच्या आय३ संगणकाने मान टाकली. दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नव्हते, कारण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, मायक्रोसॉफ्टने यादीत घेतलेलेच नाहीत. आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हेही तोवर जाहीर झालेले होते. म्हणून सुटे भाग आणून नवा संगणक घरीच जोडला. त्यातल्या प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) आणि मदरबोर्ड (सारे भाग जोडणारी मुख्य पाटी) या दोनच भागांचे हे परीक्षण आहे, कारण बाकीच्या भागांची निवड चुकली तर पैसे जातात, पण या दोघांची जोडी चुकली तर ऐन हंगामात काम अडते.

माझे काम कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांत लग्नपत्रिका व फ्लेक्स तयार करण्याचे आहे, आणि लग्नसराईत छायाचित्रकार मित्रांच्या व्हिडिओंचे संकलनही मी करून देतो. संगणकावर मी खेळ खेळत नाही. खानदेशातली लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत ऐन भरात असते, म्हणजे ज्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो त्याच दिवसांत संगणकाला रात्रंदिवस राबावे लागते. ही गोष्ट निवड करताना मी पुरेशी ध्यानात घेतली नाही, आणि पुढे जी फजिती झाली तिचे मूळ तिथे आहे.

प्रोसेसरसाठी तीन नावे समोर होती. इंटेलचा आय५-१२४०० हा जानेवारी २०२२ मध्ये आलेला, सहा गाभ्यांचा (गाभा म्हणजे गणना करणारा भाग) आणि बारा थ्रेडचा, म्हणजे एका वेळी बारा कामे हाताळणारा. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा २०२१ चा, गाभे आणि थ्रेड तेवढेच. आणि २०२३ च्या जानेवारीत आलेला रायझेन ५ ७६००, जो तिघांत सर्वांत वेगवान आहे. ७६०० ला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते आणि एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची बैठक) बोर्ड त्या वेळी बराच महाग पडत होता. माझ्याकडे तर ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आधीपासून होत्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या तऱ्हेने चढले ते पाहता त्या दोन पट्ट्या सांभाळून ठेवल्या हे बरेच झाले.

५६००जी आणि १२४०० यांत निवड करणे अवघड होते. ५६००जी मधील अंगभूत ग्राफिक्स १२४०० च्या यूएचडी ७३० पेक्षा सरळसरळ सरस आहे आणि ग्राफिक कार्ड न घेता हलकेफुलके खेळ खेळायचे असतील त्याने दुसरा विचार करू नये. मात्र त्यात तिसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली वेगवान स्मृती, १६ एमबीच आहे (साध्या ५६०० मध्ये ती ३२ एमबी असते) आणि पीसीआय एक्सप्रेसही (कार्ड आणि एसएसडी जोडण्याचा मार्ग) तिसऱ्या आवृत्तीचे आहे. माझा कौल शेवटी एका अगदी धंद्यातल्या कारणाने इंटेलकडे गेला. आमच्याकडचे लग्नाचे छायाचित्रकार आता जे कॅमेरे वापरतात त्यांतले बरेचसे १० बिट, ४:२:२ रंगांचा एच.२६५ व्हिडिओ देतात, म्हणजे रंगांचे बारकावे जास्त राखणारा पण दाट आवळलेला. हा प्रकार उलगडणे नुसत्या प्रोसेसरला फार जड जाते. इंटेलच्या या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे, जिला क्विक सिंक म्हणतात. एएमडीच्या त्या वेळच्या चिपमध्ये ती सोय या रंगप्रकारासाठी नव्हती, आणि एनव्हिडियाच्या कार्डांतही ती २०२५ च्या ५० मालिकेपासूनच आली. म्हणजे महागडे कार्ड लावलेल्या संगणकावर जो व्हिडिओ अडखळत चालतो, तो विनाकार्डाच्या १२४०० वर टाइमलाइनवर सहज पुढे-मागे सरकवता येतो. हे मी एका मित्राच्या स्टुडिओत दोन संगणक शेजारी ठेवून पाहिले आणि मगच प्रोसेसर घेतला. या कामासाठी घेणाऱ्याने नावापुढे एफ लागलेला, म्हणजे १२४००एफ, घेऊ नये. तो थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स बंद केलेले असल्यामुळे क्विक सिंकही जाते आणि कार्ड लावल्याशिवाय पडदाही उजळत नाही.

इथवर सारे नीट झाले. चूक झाली ती बोर्डात. जळगावच्या ज्या दुकानातून खरेदी केली तिथल्या माणसाने सांगितले, “भाऊ, बोर्ड कोणताही चालतो, पैसा प्रोसेसरमध्ये घाला,” आणि मीही मान डोलावून एच६१० चिपसेटचा (बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप) सर्वांत स्वस्त बोर्ड उचलला. एच६१० मध्ये रॅमच्या दोनच खाचा मिळतात आणि एम.२ एसएसडीला (बोर्डावरच्या खाचेत बसणारी साठवणीची पट्टी) तिसऱ्या आवृत्तीचाच वेग मिळतो, हे मला ठाऊक होते आणि चालणारे होते. ठाऊक नव्हते ते वेगळेच होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये संगणक झकास चालला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका लग्नाचा दीड तासाचा व्हिडिओ बाहेर काढायला (एक्सपोर्टला) लावला आणि जेवून परत आलो तर तो निम्माही झालेला नव्हता. एचडब्ल्यूइन्फो नावाचे तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर उघडले. १२४०० चे सहाही गाभे पूर्ण भाराखाली चार गिगाहर्ट्झवर चालायला हवेत, ते २.२ वर घुटमळत होते. मी धरून चाललो की प्रोसेसर तापला असणार. पण त्याचे तापमान ८१ अंश होते, आणि या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे, त्यामुळे तापमानामुळे वेग कमी करण्याचे त्याला काही कारण नव्हते. तरीही दुसऱ्याच दिवशी मी सोबतचा पंखा काढून एक उंच टॉवर पद्धतीचा कूलर बसवला. (आमच्याकडे कूलर म्हटले की खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, त्यामुळे संगणकाला कूलर आणला म्हटल्यावर घरात बरीच करमणूक झाली.) प्रोसेसरचे तापमान ६८ अंशांवर आले आणि वेग आणखी घसरून १.८ वर गेला.

थंड झालेला प्रोसेसर अधिक मंद चालतो, हे कोडे सुटायला मला दोन दिवस लागले. कॅबिनेटचे दार उघडून, काम चालू असताना, सॉकेटच्या डाव्या अंगाला बोट जवळ नेले तेव्हा तव्याजवळ नेल्यासारखी धग लागली. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला १२ व्होल्टचा पुरवठा येतो, पण प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्टच लागतात. हे रूपांतर सॉकेटभोवतीचे काळे चौकोनी मॉस्फेट आणि त्यांच्या शेजारची करड्या ठोकळ्यांसारखी चोक करतात, आणि या सगळ्या विभागाला व्हीआरएम म्हणतात. प्रोसेसर ६५ वॅट ओढत असला तरी इतक्या कमी व्होल्टवर तेवढ्या शक्तीसाठी पन्नास अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो, आणि रूपांतरात वाया जाणारी वीज त्या मॉस्फेटांतच उष्णता होऊन साठते. माझ्या बोर्डावर मॉस्फेट मोजकेच होते आणि त्यांच्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, नावालासुद्धा नव्हता. खोलीच ४० अंशांवर असल्यावर ते तापून लाल रेषेपाशी जात, बोर्ड प्रोसेसरला वेग आवरण्याची सूचना देई आणि प्रोसेसर मुकाट्याने ती पाळी. सॉफ्टवेअरमध्ये वीजपुरवठ्याचा विभाग तापल्याची खूणही दिसत होती, मी ती आधी पाहिलीच नव्हती. कूलर बदलल्यावर वेग का घसरला तेही मग कळले: इंटेलच्या डब्यात येणारा बसका पंखा हवा खाली बोर्डावर फेकतो, त्यामुळे मॉस्फेटांना उष्टा का होईना वारा लागत होता, टॉवर कूलर हवा आडवी मागे सोडतो, त्यामुळे तेवढाही वारा बंद झाला. इंटेलचा हा फुकटचा पंखा भाराखाली कुरकुरतो खरा, पण उघड्या व्हीआरएमच्या बोर्डावर त्याची किंमत त्याच्या रूपावरून ठरवू नये.

जूनमध्ये बी७६० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड मागवला. असूस, एमएसआय, गिगाबाइट आणि अ‍ॅसरॉक या चारही तैवानी कंपन्या या चिपसेटचे अनेक बोर्ड बनवतात, आणि एकाच कंपनीच्या दोन बी७६० बोर्डांतसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून चिपसेटच्या नावावर भिस्त ठेवता येत नाही. मी निवड केली ती बोर्डाचे मोठे छायाचित्र पाहून. सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या अशा दोन्ही बाजूंच्या मॉस्फेटांवर स्क्रूने आवळलेला धातूचा हीटसिंक आहे का, हे पहिले पाहिले. स्प्रिंगच्या खिळ्यांवर नुसता टेकवलेला हीटसिंक नीट चिकटून बसत नाही. मग रॅमच्या चार खाचा, एम.२ च्या दोन खाचा, पंख्यांसाठी किमान तीन जोडण्या, आणि प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याचे बटण. हे शेवटचे बटण पुष्कळांना चैन वाटते. पण बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. बटण असले तर अशा मेलेल्या बोर्डातही पुन्हा जीव घालता येतो. दिवे आणि चकाकणारी आवरणे यांसाठी मी एक रुपयाही जास्त दिला नाही.

ऑनलाइन आलेल्या पहिल्या बोर्डाने वेगळाच धडा दिला. एलजीए१७०० सॉकेटात प्रोसेसरच्या पोटाला टेकणाऱ्या १७०० बारीक स्प्रिंगदार काड्या असतात. वरचे प्लास्टिकचे झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की या काड्यांच्या टोकांवर एकसारखी चमक ओळीने सरकत जाते, गव्हाच्या शेतावरून वारा सरकावा तशी. आणि जिथे काडी वाकलेली असेल तिथे ती ओळ तुटते. माझ्या बोर्डावर खालच्या उजव्या कोपऱ्यात ती दोन ठिकाणी तुटली. विक्रेत्याने पहिल्या फोनलाच ते ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान ठरवले, कारण वाकलेल्या काड्या वॉरंटीत बसत नाहीत. डबा फोडण्यापासून झाकण काढेपर्यंतचा अखंड व्हिडिओ माझ्याजवळ होता, आणि तो पाठवल्यावर, आठ दिवसांच्या लिहालिहीनंतर, बोर्ड बदलून मिळाला. दुसरा बोर्ड निर्दोष निघाला. ते प्लास्टिकचे झाकण फेकू नये. पुढे बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते सॉकेटावर बसवलेले असावे लागते.

एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटात गोष्ट उलटी आहे. तिथे काड्या प्रोसेसरलाच असतात, आणि थंड संगणकाचा कूलर सरळ वर ओढला तर दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असल्याने ती प्रोसेसरलाही सॉकेटातून उपसून बाहेर काढते. आधी संगणक दहा मिनिटे चालवून, बंद करून, मग कूलर हलकेच पिळत सोडवावा.

आता निकाल. नव्या बोर्डावर तोच प्रोसेसर, त्याच पट्ट्या आणि तोच इंटेलचा पंखा परत बसवला; टॉवर कूलर भाच्याला दिला. २०२५ चा मे महिना या संगणकाने पूर्ण काढला. खोलीत ३९-४० अंश असताना, तासभर व्हिडिओ बाहेर पडत असताना, प्रोसेसर ८० ते ८४ अंशांच्या दरम्यान राहिला आणि वेग ३.९ ते ४ गिगाहर्ट्झच्या खाली एकदाही आला नाही. बोर्डाच्या हीटसिंकवर हात ठेवता येत होता. हा प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा असला तरी इंटेलने त्याला थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत जाण्याची मुभा दिली आहे, आणि ती मुभा किती वेळ टिकेल हे बोर्ड ठरवतो. स्वस्त बोर्ड काही सेकंदांतच ६५ वर आणून ठेवतात, माझा नवा बोर्ड तसे करत नाही. कोरलड्रॉमध्ये मोठे फ्लेक्स आता अडत नाहीत. फोटोशॉपला मात्र १६ जीबी रॅम कमी पडू लागली आहे, आणि चार खाचा आहेत म्हणून दोन रिकाम्या आहेत, एवढेच समाधान. दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात, म्हणजे दुहेरी मार्ग मिळतो. अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच जगत असल्यामुळे एकाच पट्टीवर ते बरेच मंदावते. शिवाय बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा जाहीर वेग देणारी सोय) चालू केले नाही तर काही ३२०० च्या पट्ट्या २६६६ वरच चालत राहतात आणि मालकाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

तक्रारी आहेत. एलजीए१७०० सॉकेटची वाट संपली आहे. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीनंतर इंटेलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नवा सॉकेट आणला, त्यामुळे या बोर्डावर पुढे चढायचे तर चौदाव्या पिढीपाशीच थांबावे लागेल. तेही जपून, कारण तेराव्या-चौदाव्या पिढीच्या जोरदार प्रोसेसरांत, म्हणजे आय५-१३६००के पासून वर, आय७-आय९ धरून, जास्त व्होल्टेजमुळे चिप झिजण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमार्गे त्यावर सुधारणा दिल्या आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बारावी पिढी त्या दोषापासून दूर आहे. याउलट एएमडीच्या एएम४ ची आयुर्मर्यादा पाहून हेवा वाटतो: २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस बदलून ५००० मालिकेचे रायझेन चालतात. एएम५ बाबतही कंपनीने २०२७ पर्यंतचा शब्द दिला आहे. म्हणून ज्याला खेळ खेळायचे आहेत आणि चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा आहे, त्याने माझे ऐकू नये, रॅमचा भार सोसून एएम५ चा बी६५० बोर्ड आणि ७६०० घ्यावा. तो संगणक पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ रॅमची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नये.

दुकानातल्या एका प्रकाराबद्दल सांगितलेच पाहिजे. “आय५ आहे, एसएसडी आहे” असे म्हणून जे स्वस्त संच विकले जातात त्यांत पुष्कळदा २०१२ च्या सुमाराचा, तिसऱ्या पिढीचा, कुठल्यातरी कंपनीच्या मोडीत निघालेला आय५ असतो आणि तो अनोळखी नावाच्या नव्याकोऱ्या एच६१ बोर्डावर बसवलेला असतो. बोर्ड नवा म्हणून संगणक नवा वाटतो. आय५ या अक्षरांना काही अर्थ नाही, त्यापुढचे आकडे वाचावेत: १२४०० मधले १२ ही पिढी. प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्यावा, कारण त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरवर दुकानदाराच्या शब्दापलीकडे काही नसते. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावेत. जीएसटीविना थोडे स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून बोर्ड घेतला तर वॉरंटीच्या वेळी नाशिक किंवा मुंबईच्या सेवा केंद्रात दाखवायला हातात काहीच राहत नाही.

धुळीबाबत एवढेच, की दर दोन महिन्यांनी पंख्याच्या पात्यांत अडकलेला कापसाचा बारीक तंतू मऊ ब्रशने काढावा लागतो, आणि खिडकीतल्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

तो एच६१० बोर्ड मी विकला नाही. चोपड्याच्या मेहुण्यांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. तिथे बिले करण्यासाठी त्यावर आय३-१२१०० बसवून दिला, चार गाभ्यांचा, आणि दिवसभरात तो क्वचितच पंधरा-वीस वॅटच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे तो बोर्ड बिनतक्रार चालला आहे. गेल्या महिन्यात मेहुण्यांनी विचारले, की सॉकेट तोच आहे तर त्यात माझ्यासारखा आय५ टाकता येईल का. टाकता येईल, पण बोर्डासकट, असे मी त्यांना सांगितले.